टेबल सॉ घेताना सुरक्षेसाठी पैसे कुठे मोजावेत

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर डोकावणाऱ्या गोल ब्लेडची करवत, कोणती घेऊ, असं विचारायला कुणी आलं की पुढचा प्रश्न हमखास मोटरचा असतो. किती हॉर्सपॉवर घ्यावी, टेबल ओतीव लोखंडाचंच हवं की अ‍ॅल्युमिनियमचं चालेल. मी उलट विचारते: त्यावर काम कोण करणार, आणि कापायचं काय? मी फर्निचर बनवते आणि शिकायला येणारी मुलंमुलीही माझ्याच मशीनवर काम करतात. त्यांची बोटं शाबूत राहणं ही माझी जबाबदारी आहे. त्यामुळे सुरक्षेची कुठलीही सोय समोर आली की मी आधी एवढंच बघते, की रोजच्या धबडग्यात ती मशीनवर राहील का? अडचण होते म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेलं गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, कितीही भारी असलं तरी त्याचे पैसे पाण्यात गेले.

पैसे कशाला द्यायचे हे कळायला आधी धोका नीट समजून घ्या. टेबल सॉवर दोन तऱ्हेचे अपघात होतात. एकात हात ब्लेडला लागतो. दुसऱ्यात लाकूड उलटं अंगावर येतं, त्याला आपण किकबॅक म्हणतो. नवा माणूस पहिल्याचीच धास्ती घेऊन येतो, पण पुष्कळदा दुसराच पहिल्याला ओढून आणतो. १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याचे दात सेकंदाला साधारण ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगाने धावतात. आपल्या बाजूचे दात वरून खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात, तिथे सगळं शांत असतं. पलीकडचे दात मात्र खालून वर येतात. कापलेली फळी जराशी तिरकी झाली किंवा चीर मिटून ब्लेडला चिमटा बसला, की हे मागचे दात फळीला उचलतात आणि ब्लेडच्या वरून थेट आपल्या पोटाकडे भिरकावतात. ज्या फळीवर हाताचा भार होता तीच निघून जाते, आणि पुढे रेटणारा हात ब्लेडवर जाऊन पडतो. ब्लेडच्या पलीकडे कुणी फळी धरली असेल तर तो हात फळीबरोबर ब्लेडवर ओढला जातो. हे इतक्या झटक्यात होतं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार तिथे टेबल सॉच्या जखमा घेऊन वर्षाला सुमारे ३० हजार माणसं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पोचतात.

म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव रायव्हिंग नाइफचं. ब्लेडच्या लगेच मागे उभी असलेली ही पोलादी पाती. चीर मिटू देत नाही, आणि फळीला मागच्या दातांकडे झुकूही देत नाही. ब्लेड वर-खाली केलं की तीही वर-खाली होते, ब्लेड झुकवलं की तीही झुकते, त्यामुळे दातांपासून तिचं अंतर कायम तेवढंच राहतं. हे अंतर ३ ते ८ मिलिमीटर असावं. जुन्या मशीनवर असतो तो स्प्लिटर, तेच काम करणारा पण एका जागी घट्ट बसवलेला. खाच पाडायची असेल, म्हणजे लाकूड आरपार कापायचं नसेल, तर स्प्लिटर काढावाच लागतो, आणि एकदा काढला की तो परत बसत नाही, हा सगळीकडचा अनुभव. रायव्हिंग नाइफ ब्लेडच्या टोकापेक्षा किंचित खाली ठेवता येते, म्हणून खाच पाडतानाही ती जागेवर राहते. युरोपात ती पूर्वीपासून होतीच. अमेरिकेतल्या यूएल ९८७ या मानकाने २००८ पासून नव्या रचनेच्या टेबल सॉला ती बंधनकारक केली. त्याआधीची रचना असेल तर नाइफ असेलच असं धरून चालू नका.

तिचं काम एकदा जवळून बघा. आतून ताण असलेली फळी, विशेषतः गाठीजवळची किंवा नीट न वाळलेली, उभी चिरायला घेतली की पहिली वीतभर चीर सरळ उघडी राहते. मग दोन्ही बाजू हळूहळू एकमेकींकडे सरकतात. ब्लेडपाशी ३ मिलिमीटरची असलेली फट मागच्या टोकाला केसाएवढी उरते आणि लाकूड नाइफच्या दोन्ही गालांना घासायला लागतं. आवाज बदलतो, फळी ढकलायला जड जाते. तिथेच थांबायचं, मशीन बंद करायचं, चिरेत पाचर घालायची आणि पुढे जायचं. नाइफ नसती तर हाच चिमटा ब्लेडला बसला असता. लाकूड बाहेरून कितीही सरळ दिसो, आत काय ताण आहे ते चिरल्याशिवाय कळत नाही.

नाइफ घेताना तिची जाडी बघायला विसरू नका. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा पातळ हवी. समजा मशीनसोबत २.५ मिलिमीटरची नाइफ आली आणि तुम्ही वीज वाचवायला २.४ मिलिमीटर चीर पाडणारं पातळ ब्लेड लावलं, तर फळी नाइफपाशीच अडेल. मग वैतागून माणूस काढतो काय, तर नाइफ! हे दोन आकडे ब्लेडवर आणि नाइफवर कोरलेले असतात, विकत घेतानाच जुळवून घ्या.

आता गार्ड. पारदर्शक, दोन भागांत उघडणारं आणि एका बोटाने वर होणारं गार्ड असेल तर त्याला थोडे जास्त पैसे द्यायला मी कधीच नाही म्हणत नाही. पण दुकानात माझी एक परीक्षा असते. प्लग काढलेला आहे याची खात्री करून मी विक्रेत्याला म्हणते, गार्ड काढा, नाइफ पूर्ण खाली दाबा, पुन्हा वर घ्या आणि गार्ड परत बसवा. अवजार न वापरता, खटका ओढून हे अर्ध्या मिनिटात झालं तर उत्तम. त्यासाठी पाना शोधावा लागला, टेबलातला ब्लेडभोवतीचा झाकणपट्टा स्क्रू काढून उचलावा लागला, किंवा विक्रेत्यालाच ते जमेना, तर समजून चाला की महिन्याभरात ते गार्ड धूळ खात पडणार. मग ते मशीन कितीही स्वस्त असलं तरी मी पुढच्याकडे वळते. गार्डसोबत बऱ्याचदा किकबॅक रोखणारे पंजेही येतात, दातेरी, लाकडावर टेकून राहणारे. त्यांच्यासाठी मी जादा पैसे देणार नाही. ते मऊ लाकडावर ओरखडे काढतात, फळी मागे घेऊ देत नाहीत, आणि अरुंद पट्टी चिरताना तर मधेच येतात.

फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतात ती ब्लेडशेजारची सरळ पट्टी, ही सुरक्षेची वस्तू आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सगळे तिच्याकडे अचूक मापासाठी बघतात. पण फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे कलंडलेलं असेल, तर प्रत्येक फळी मागच्या दातांवर दाबली जाते, म्हणजे किकबॅकला आपण स्वतःच आवतण देतो. स्वस्त मशीनमध्ये उत्पादक सर्वात आधी इथेच काटकसर करतात: फेन्स पुढे घट्ट होते, मागे लटपटते. तपासायला वेळ लागत नाही. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर पेनाने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलाच्या पृष्ठभागावर ब्लेडच्या बाजूने जाणाऱ्या लांब खाचेपासून त्याचं अंतर मोजा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. दात बदलू नका, नाहीतर ब्लेडच्या पत्र्याचा बाक मापात मिसळतो. यानंतर फेन्स खाचेशी समांतर लावून कुलूपबंद करा आणि मागचं टोक अंगठ्याने जोरात बाजूला ढकला. हललं आणि परत आलं नाही, तर ती फेन्स विश्वासाची नाही. पाच-सहा वेळा उघडून-मिटून प्रत्येक वेळी ती समांतरच बसते का हेही बघा. मोटर एक पायरी लहान घेऊन ते पैसे फेन्समध्ये घालायची वेळ आली, तर बेलाशक घाला. लहान मोटरवर फळी सावकाश ढकलून काम होतं, डुगडुगणाऱ्या फेन्सवर सावकाश ढकलूनही भागत नाही.

स्विच मोठा हवा, गुडघ्याने किंवा मांडीने दाबून बंद करता येईल असा, कारण नेमक्या अडचणीच्या वेळी दोन्ही हात फळीवर असतात. आणि तो चुंबकीय असावा: वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. ही सोय स्वस्त आहे, नंतरही बसवून घेता येते. ब्लेड थांबवणारा मोटरचा ब्रेकही बघा. युरोपात ब्लेड १० सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे असा दंडक आहे. ज्या मशीनला ब्रेक नाही तिचं ब्लेड बंद केल्यावरही बराच वेळ निमूट फिरत राहतं, आणि भुश्याने भरलेल्या कार्यशाळेत, कानावर मफ असताना, ते थांबलंय असा भास होतो. तुकडा उचलायला हात पुढे जातो तो याच वेळी.

आता सगळ्यात महागड्या सोयीकडे येऊ, कारण खरी घासाघीस तिथेच होते. बोट लागताक्षणी ब्लेड थांबवणारी टेबल सॉ. स्टीफन गॅस या अमेरिकी पेटंट वकिलाने, जो मुळात भौतिकशास्त्राचा माणूस, १९९९ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. मोठ्या कंपन्यांनी ती घेतली नाही, तेव्हा त्याने सॉस्टॉप ही स्वतःची कंपनी काढली आणि २००४ मध्ये पहिली मशीन विकायला सुरुवात केली. ब्लेडमधून एक अगदी क्षीण विद्युत संकेत वाहत असतो. लाकूड तो फारसा शोषत नाही, माणसाची कातडी शोषते. संकेत बदलला की घट्ट दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडच्या दातांत घुसतो. ब्लेड ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं आणि टेबलाखाली जातं. प्रात्यक्षिकात सॉसेज लावून दाखवतात. गॅसने स्वतःचं बोट लावूनही ते करून दाखवलं आहे.

५ मिलिसेकंदांचा हिशेब हाताच्या भाषेत मांडून बघा. फळी पुढे ढकलताना हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्या वेळात तो दीड मिलिमीटर सरकतो. म्हणजे बोट तुटायच्या ऐवजी कातडी कापली जाते, पट्टीवर निभावतं. पण किकबॅकमध्ये हात हिसक्याने ओढला गेला आणि त्याचा वेग सेकंदाला ३ मीटर झाला, तर तेवढ्याच वेळात तो दीड सेंटिमीटर आत जातो. तेव्हा सेन्सर असूनही जखम खोल होते. शिवाय उडालेली फळी पोटात बसायची ती बसतेच, तिच्याशी सेन्सरला काही देणंघेणं नाही. म्हणून सेन्सरची मशीन घेणाऱ्यालाही मी सांगते, नाइफ आणि फेन्स आधी बघा. सेन्सर हा त्यांच्या मागे उभा असलेला शेवटचा पहारेकरी आहे.

त्याचा खर्च खरेदीपाशी संपत नाही. एकदा ठोकळा सुटला की तो आणि स्प्रिंग असलेला डबा, म्हणजे कार्ट्रिज, बाद आणि बहुतेक वेळा ब्लेडही बाद. ओलं लाकूड, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आरशाचा मागचा लेप, असं वीज वाहून नेणारं काही कापताना ब्लेडला लागलं तर हात जवळपास नसतानाही तो सुटू शकतो. अशा कामांसाठी सेन्सर तात्पुरता बंद ठेवायची सोय मशीनवर असते, पण तिची सवय लागू देऊ नका. रुंद खाच पाडणाऱ्या डॅडो ब्लेडला वेगळं कार्ट्रिज लागतं. बॉशने काही वर्षांपूर्वी रीअ‍ॅक्स नावाची सॉ आणली होती, तिच्यात ब्लेड खाली खेचलं जायचं आणि खराब होत नसे. पण पेटंटच्या वादात २०१७ मध्ये अमेरिकेत तिची आयात थांबली. मोठ्या सरकत्या टेबलाच्या पॅनेल सॉमध्ये आता वेगळे मार्गही आहेत: फेल्डरची यंत्रणा हात ब्लेडजवळ येतानाच ते खाली घेते, आल्टेनडॉर्फची कॅमेऱ्यांनी हात ओळखते, आणि दोन्हींत ब्लेड शाबूत राहतं. हे मात्र कारखान्यांच्या आवाक्यातलं आहे.

मग सेन्सरला पैसे द्यायचे का? मशीनवर एकाहून जास्त माणसं काम करणार असतील, शिकणारी असतील, किंवा तुम्ही पगारी माणूस ठेवणार असाल, तर माझं उत्तर सरळ हो आहे. टेबल लहान घ्या, मोटर लहान घ्या, बाकी हौस पुढच्या वर्षावर ढकला, पण सेन्सरची मशीन घ्या. दुसऱ्याचं लक्ष कधी विचलित होईल हे तुमच्या हातात नसतं. तुम्ही एकटेच असाल आणि हातावर पोट असेल, तर किमतीतला फरक मशीन जितकी वर्षं वापरणार त्यावर वाटून बघा, त्यात अधूनमधून बाद होणारं एखादं कार्ट्रिज आणि ब्लेड धरा. मग एका बोटाला टाके पडल्यावर किती आठवडे काम बंद राहील, तो आकडा शेजारी लिहा. बऱ्याच जणांना फरक परवडतो असं तेव्हा दिसतं. ‘मी वर्षातून थोडाच वेळ वापरतो, मला कशाला’ हा युक्तिवाद मला पटत नाही. क्वचित वापरणाऱ्याच्या हाताला सवय नसते, आणि सवय नसलेला हातच फळी कशी वागेल ते ओळखू शकत नाही.

आणि फरक खरंच परवडत नसेल? मग नाइफ, गार्ड आणि फेन्स चोख असलेली साधी मशीन घ्या, मनाला लावून घेऊ नका. नीट वापरलं तर तिच्यावर उत्तम काम होतं. तेवढेही पैसे नसतील तर टेबल सॉ घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगेन. प्लायवुडचे मोठे पत्रे कापायचे असतील तर पट्टीवरून धावणारी ट्रॅक सॉ बरी: पत्रा जागेवर राहतो, करवत फिरते, आणि ब्लेड झाकलेलं असतं. जाड लाकूड उभं चिरायचं असेल तर बॅन्डसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची करवत, घ्या. तिचं पातं लाकूड सतत खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे ते उलटं अंगावर येत नाही. बोट कापायला तीही पुरेशी आहे, पण एक अख्खा धोका वजा होतो. चीर थोडी खडबडीत येते, ती रंध्याने साफ करा.

हातातली सर्क्युलर सॉ उलटी करून टेबलाखाली बसवायची, हा स्वस्तातला तोडगा मला अजिबात मान्य नाही. तिचं गार्ड बांधून ठेवावं लागतं, नाइफ नसते, आणि स्विच दाबून अडकवून टाकलेला असतो. टेबल सॉच्या सुरक्षेतलं जे जे काही आहे, ते सगळं या जुगाडात एका फटक्यात निघून जातं.

हाताऐवजी फळी रेटायच्या पुश स्टिक आणि पुश ब्लॉक मात्र फुकटात होतात, प्लायच्या तुकड्यांतून दोन-चार जास्तीचे करून मशीनला टांगून ठेवा. ब्लेडपासून वीतभर अंतराच्या आत हात जाणार असेल तिथे ते उचलायचे. आडवे काप घेण्यासाठी स्लेज, म्हणजे लाकूड धरून टेबलावर सरकणारी पाटी, बनवा. मायटर गेज, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणारा लाकडाचा टेका, आणि फेन्स एकाच कापात एकत्र वापरू नका, मधे अडकलेला तुकडा फिरतो आणि उडतो. ब्लेड उभ्या चिरेसाठी वेगळं, आडव्या कापासाठी वेगळं. धार गेली की लगेच लावून घ्या, कारण बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच घसरतो.

जुनी मशीन मिळत असेल तर दुर्लक्ष करू नका. ओतीव लोखंडाचं जुनं टेबल सोन्यासारखं असतं. फक्त आधी नाइफ किंवा स्प्लिटर सोबत आहे का ते बघा, नसेल तर मॉडेलचा क्रमांक लिहून घ्या आणि त्या मशीनसाठी नाइफ, गार्ड आणि त्यांचे खटके अजून मिळतात का ते सुट्या भागांच्या विक्रेत्याला पैसे मोजण्याआधी विचारा. ब्लेड पूर्ण वर-खाली करा, ४५ अंशांवर झुकवा, आणि प्लग काढून हाताने फिरवताना बेअरिंगचा खरखराट येतो का ऐका. ब्लेड बसतं तो दांडा धरून हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. नाइफ कुठेच मिळत नसेल आणि ती बसवायला मशीनमध्ये जागाही नसेल, तर घासाघीस करत बसू नका, ती मशीन तिथेच सोडून या.